धामणीचा नवरा

सांगा बघू, धान्याच्या कोठीची राखण कोणाच्या भरवशावर सोडाल? माणसाच्या, मांजराच्या, की सापाच्या? हसू नका! आम्ही धान्याच्या पेठेतली माणसं. राखणदाराला पोतं फोडताना पाहिलंय, मांजराला वाटीभर दुधाला फितूर होताना पाहिलंय. धामण मात्र दाण्याला कधी तोंड लावत नाही. तिला हवा उंदीर!

पण हे सावरखिंडीच्या राजाला कोण सांगणार? कोठीत पाच हात लांब धामण दिसली, तसे महाराज पोत्यांच्या थप्पीवर चढले आणि तिथूनच ओरडले, "मारा तिला! धामण म्हणजे नागाची बायको. आज ही आली, उद्या नवरा येईल!"

धान्य पाखडणारी भिवरा आडवी आली. "महाराज, हिची जात वेगळी, नागाची वेगळी. हिला विषच नाही. ही गेली तर उंदीर कोठी रिकामी करतील."

"असं? मग हिचा खरा नवरा दरबारात हजर कर! आठ दिवस देतो. नाहीतर धामणही मरेल आणि तुझी चाकरीही जाईल!"

महाराजांच्या री ला री ओढणारे दिवाणजी खूश झाले, आता भिवरा हरणार! धामणींत नर कुठला, मादी कुठली, ओळखणार कोण?

आठव्या दिवशी भिवरा टोपली घेऊन आली.

"नवरा आणलास?"

"आणलाय की. जरा लहान आहे."

टोपलीत तेरा पिल्लं वळवळत होती! "धामणीनं कोठीच्या भुशात अंडी घातली होती, महाराज. आज सकाळी पहारेकऱ्यांदेखत फुटली. नागाचं पिल्लू अंड्यातून निघाल्यापासून फणा काढतं. आता बघा." तिनं टोपलीवर टिचकी मारली. पिल्लांनी तोंडं वासली, पण फणा एकाचाही नाही! एक मात्र वाकून बघणाऱ्या दिवाणजींच्या बोटाला चिकटलं.

"मेलो! वैद्याला बोलवा!"

भिवरानं तांब्या पुढे केला. "दिवाणजी, पाणी प्या. मेलेलं माणूस इतकं ओरडत नाही."

घोटभर पाणी पोटात गेलं, तसा दिवाणजींना जोर आला. "या तेराही मुली असतील! आईवर गेल्या, म्हणून फणा नाही!"

"तेराच्या तेरा? नागाच्या बायकोला मुलीच होतात, तर मग तुमचे नाग कुठल्या मावशीच्या पोटी जन्मतात?"

दरबार खुसखुसला. पण महाराज हट्टी! "मी नवरा मागितला होता, पोरं नाही!"

"एकच मागितलात, महाराज. मी पाच-सहा तरी आणलेत! तेरांत नर असणारच. जरा वाढू द्या, मग हवा तो पसंत करा!"

महाराज इतके हसले की पगडी मांडीवर आली. भिवराला त्यांनी कोठीची मुख्य केलं, अंगावरची शाल दिली, आणि धामणीला जन्मभराचं अभय. पिल्लं मोजून भुशात सोडायचं काम आलं दिवाणजींकडे!

गोष्ट पुढे सांगाल तर एवढी विनंती: पिल्लं तेराच सांगा. आमच्या पेठेत पोचेपर्यंत त्यांची तीस झाली होती. हिशेब तेवढा चोख ठेवा!