नांदबंदरची उंच जोती

नांदबंदरच्या कोळीवाड्यात शिरलात की आधी दिसतात ती घरांची जोती. पुरुषभर उंच, चढायला सात-आठ पायऱ्या, आणि वर घर मात्र एवढेसे. पाहुणे हसतात. हसू द्या. पूर्वी इथली जोती गुडघ्याएवढीच होती, असे म्हातारी माणसे सांगतात.

त्या काळी जोत्याचे माप गोमा नाखवा ठरवायचा. पुनवेच्या उधाणात तो किनाऱ्यावर छाती काढून उभा राही; पाणी पायाला जिथवर लागे, तेवढे जोते. पुढे वाताने त्याचे पाय गेले, तरी गावात माप त्याचेच चाले.

त्याची विधवा सून चांगुणा मात्र पाण्याला भ्यायची. नवरा वादळात गेल्यापासून ती दिवसातून दहादा खाडी बघून येई. गाव तिला भित्री भागुबाई म्हणे. सासरा तेवढा कधी हसला नाही.

एका अष्टमीला भर दुपारी वारा सुटला. अष्टमीची भरती सगळ्यांत लहान. कोळी तिला भांग म्हणतात आणि निर्धास्त असतात. पण संध्याकाळी ओहोटी लागायची वेळ टळली तरी पाणी चढतच होते. चांगुणा खाडीवरून धावत आली. ती दारोदार ओरडत सुटली.

“आज भांग हाय गो! भांगाचं पानी कवा घरात शिरलंय?” जाळी विणणारे पुरुष हसले.

घरी गोमा नाखवा खाटेवरून जोत्याला टेकलेले पाणी बघत होता. त्याचाही चेहरा उतरला होता.

“पोरी, माजं माप चुकलं. वारा मी मापात कंदी धरलाच नाय. गाव टेकडीवर ने.”

“आनि तुमी, मामा?”

“आदी गाव.”

चांगुणाचे ऐकणार कोण? ती देवळात शिरली, गावदेवीचा चांदीचा मुखवटा उचलला आणि सगळ्यांना दिसेल असा डोक्यावर धरून टेकडीकडे पळाली. देवी चोरली म्हटल्यावर घरात कोण बसेल? बायका, पोरे, म्हातारे, कोयते घेतलेले पुरुष, सारा वाडा तिच्यामागे टेकडी चढला. तिला मारायला हात उगारले, तोच खाली समुद्र गावात शिरला. कौलेसुद्धा दिसेनाशी झाली म्हणे.

गोमाची खाट उचलायला चार माणसे लागत, आणि ती चारही तिच्यामागे धावत वर आली होती. हे दुःख चांगुणाला जन्मभर पुरले.

पाणी ओसरले. घरे पुन्हा बांधायची वेळ आली तेव्हा गावाने खालमानेने तिलाच विचारले, “बाय, जोतं किती?” ती गोमाच्या घराच्या जागी उभी राहिली. दगडावर दगड चढत गेले आणि पोटातली भीती निवेपर्यंत ती “आनखी” म्हणत राहिली.

आजही नांदबंदरात, हातात सरकारी शिक्क्याचा नकाशा असला तरी, पाया घालण्याआधी वाड्यातल्या सगळ्यांत भित्र्या माणसाला मानाचा नारळ देऊन जागेवर आणतात. तो “पुरे” म्हणेपर्यंत दगड चढवतात. बंदरावरची नवी पाच मजली इमारत बांधणाऱ्याने हे थोतांड म्हणून टाळले. इमारत झकास आहे. तळमजल्यावर अजून कोणी राहायला गेलेले नाही.