बिनछपराचं घर

शुद्धलेखन कच्चं आहे, शब्दही साधेच आहेत, सांभाळून घ्या. आठवीत शाळा सुटली. ताई सासरी गेल्यापासून जाई आणि गुंड्याला गोष्ट सांगून निजवायचं काम माझ्याकडे आलंय. त्या रात्री सांगितली ती अशी.

एक होता राजा. त्याला कोड्यांचा भारी नाद. त्याची राणी सगुणा. तीही कोड्यांत हुशार. म्हणून तर राजानं तिला पसंत केली होती, बरं का.

एकदा काय झालं, सगुणाची आई आजारी पडली. भाऊ बैलगाडी घेऊन न्यायला आला. "आई सारखी तुझं नाव घेते गं," म्हणाला.

राजा म्हणाला, "खुशाल जा. फक्त उंबऱ्याशी मी सांगतो ती रांगोळी काढ. हात उचलायचा नाही, एका रेघेवरून दोनदा जायचं नाही. जमलं की निघ."

आधी सांगितली चांदणी. ती तर तुम्हालाही येते. सर्रकन झाली. सगुणा पदर खोचून निघाली.

"थांब," राजा म्हणाला, "एवढ्या हुशार बाईला एवढं सोपं?"

मग त्यानं घर सांगितलं. एक चौकोन, आत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली, वर टोकदार छप्पर. सगुणानं छपरापासून सुरुवात केली, फसली. मग खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली आणि झालं की! तिला इतका आनंद झाला, की क्षणभर आईसुद्धा विसरली.

"आता शेवटचं," राजा म्हणाला आणि त्यानं पायानं छप्पर पुसलं. "तेच घर. छपराशिवाय."

"मग सोपंच झालं!" गुंड्या ओरडला.

सगुणालाही तसंच वाटलं. काढलं, एक रेघ उरली. पुसलं, पुन्हा काढलं, एक रेघ उरलीच. दिवस गेले. बोटं सोलवटली. भाऊ बाहेर गाडीत बसून राहिला.

मग एक दिवस ती हात थांबवून नुसती बघत बसली. कोपऱ्यात एक रेघ आत आली, तर एक बाहेर जायला हवी. जोडी लागते. इथे प्रत्येक कोपऱ्यात रेघा तीन. एक एकटीच राहते. अशा कोपऱ्यातून सुरुवात करता येते, नाहीतर तिथे शेवट करता येतो. पण सुरुवात एकच आणि शेवटही एकच. छपराच्या घरात असे कोपरे दोनच होते, खालचे. इथे चारही तसलेच.

"महाराज, हे कुणालाच जमणार नाही."

"ठाऊक आहे," राजा म्हणाला. "लग्नाआधीपासून."

मग सगुणा उठली. रांगोळीवर पाय देऊन तिनं उंबरा ओलांडला. बैल पळत सुटले. पण माहेरच्या दारात बायका जमल्या होत्या. आई पहाटेच गेली होती.

राजा दुसरी राणी करून सुखात राहिला. सगुणा भावाकडे राहिली, सुखातच म्हणायचं. झोपा आता.

"दादा," जाई म्हणाली, "ती आधीच का नाही गेली? दार तर उघडंच होतं."

"तिला वाटलं, कोडं सुटलं की पाठवतील."

जाईनं कूस बदलली. "आपल्या ताईलाही कोडं घातलंय का रे?"

ताईला दिवाळीला पाठवतो म्हणाले होते सासरचे. मग संक्रांतीला. मग पापड लाटून झाल्यावर.

सकाळी चहाही न घेता सायकल काढली. ताईच्या सासऱ्यांपुढे जाऊन उभा राहिलो. मान खाली घालून म्हणालो, "विचारायला आलो नाही. न्यायला आलोय."