पाठ झालेलं दुःख

एकदा एक तरुणी, केतकी तिचं नाव, पदवी पदरात पडताच निर्वासितांच्या छावणीतल्या शाळेत शिकवायला गेली. तळमळ मोठी होती. या मुलांचे हाल जगाच्या कानी घातले, तर देशोदेशीच्या शाळांची दारं त्यांना उघडतील, असा तिचा पक्का विश्वास होता. विश्वास खोटा नव्हता हो, घाई तेवढी वाईट.

तिच्या वर्गात जुलेखा नावाची लहानशी मुलगी होती. नदी ओलांडताना धाकटा भाऊ तिच्या हातून निसटला होता. पाहुणे आले की केतकी तिला पुढे उभी करी. जुलेखा सगळं सांगे, पाहुणे हळहळत, डोळे टिपत आणि जेवायला जात. आता तर परदेशातून मोठी मंडळी येणार होती.

छावणीतले वृद्ध गुरुजीही घरदार सोडून आलेले. केतकी त्यांच्याकडे मुलांची भाषा शिकत असे. तिची आई वारल्याचं त्यांना ठाऊक होतं. एके दिवशी धडा बाजूला ठेवून ते म्हणाले, "तुझी आई कशी गेली, ते आमच्या भाषेत सांग." केतकीला हुंदका आवरेना, तरी तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मग रोजच. तिला मनातून रागच आला, पण गुरुजींचा शब्द मोडवेना.

मंडळी येण्याच्या आदल्या संध्याकाळी आईचं सांगून झाल्यावर ती सहज म्हणाली, "गुरुजी, दवाखान्याचा भाग आधी घेतला तर जास्त परिणाम होईल, नाही?"

बोलून गेली, आणि स्वतःच्याच शब्दांनी गारठली.

"बाळ, तुला दुखवलं, क्षमा कर," गुरुजी म्हणाले. "दुःख बोलल्याने हलकं होतं, पण ज्याचं त्याने, वाटेल तेव्हा, वाटेल त्याच्यापाशी बोललं तर. उभं करून बोलायला लावलं की ते ऐकणाऱ्यांचं होतं. तुझ्याजवळ आईच्या इतर आठवणी पुष्कळ आहेत. त्या पोरीजवळ भावाची ही नदीवरची एवढीच उरली आहे."

केतकी उठली ती थेट जुलेखाच्या तंबूपाशी गेली. उद्या तू येऊ नकोस, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण तिला पाहताच पोरगी लगबगीने उभी राहिली. म्हणाली, "ताई, उद्या कुठे रडू? नदीपाशी, की त्याचं नाव घेताना?"

केतकीने तिला पोटाशी धरलं. जे गेलं ते परत आणणं आता तिच्या हाती नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यांपुढे एकटीच उभी राहिली. या मुलांना शिकायचं आहे, एवढंच बोलली. मंडळी लवकर उठून गेली.

दुसऱ्यासाठी बोलायला निघालेल्याने आधी त्याला गप्प राहू द्यावं.