मिरी मुंगीचा म

मिरीने एक नेम धरला होता, बरं का!

मिरी म्हणजे कोण? काळी काळी, इवली इवली मुंगी. परवा दिवेलागणीला तिने पुढचे दोन पाय जोडले. म्हणाली, "शारदामाते, रोज एक अक्षर गिरवीन. गिरवल्याशिवाय साखर खाणार नाही."

वेणूआत्या रोज अंगणात मुलींसाठी धूळपाटी करायची. बारीक धूळ पसरायची. बोटाने अक्षर काढायची. मग मिरी त्या अक्षरावरून चालणार. तुरू तुरू, तुरू तुरू. झालं गिरवून!

काल झाला ग. आज होता म. मिरीचा म! मुंगीचा म!

"आज माझं अक्षर!" मिरीने साखरेचा दाणा बाजूला ठेवला. पहिला पाय टेकला, आणि...

आली कोंबडी. कॉक कॉक! शेजारच्या तांब्याला लागला धक्का. भळ्ळ! सांडलं पाणी. धुळीचा झाला चिखल. म गेला वाहून!

मिरीचं तोंड एवढंसं झालं.

"वेणूआत्या, वेणूआत्या, म काढ ना!"

"अगं मिरे, चिखलात कुठे अक्षर उमटतं? धूळ सुकू दे, मग काढीन."

तुरू तुरू, मिरी गेली धुळीजवळ.

"धूळबाई, धूळबाई, सूक ना!
धूळ सुकेल, आत्या म काढील.
आत्या म काढील, मिरी म गिरवील.
मिरी म गिरवील, साखर खाईल!"

"मी कशी सुकू? मलाच हुडहुडी भरलीय! ऊन येऊ दे, मग सुकेन."

तुरू तुरू, मिरी चढली कुंपणावर.

"ऊनदादा, ऊनदादा, ये ना!
ऊन येईल, धूळ सुकेल.
धूळ सुकेल, आत्या म काढील.
आत्या म काढील, मिरी म गिरवील.
मिरी म गिरवील, साखर खाईल!"

"येऊ कसा? हा ढग्या वाटेत बसलाय! ढग हटू दे, मग येईन."

तुरू तुरू, मिरी चढली कौलांवर.

"ढगोबा, ढगोबा, हट ना!
ढग हटेल, ऊन येईल.
ऊन येईल, धूळ सुकेल.
धूळ सुकेल, आत्या म काढील.
आत्या म काढील, मिरी म गिरवील.
मिरी म गिरवील, साखर खाईल!"

ढगोबाने दिली जांभई. "आऽऽऽ! अगं, भूक लागलीय ना? मग घाल की दाणा तोंडात! कोण बघतंय?"

"मी बघतेय ना!" मिरी म्हणाली.

ढगोबा लाजला. "बरं बाई. पण मी पडलो जाडा. वारा सुटू दे, मग हटेन."

तुरू तुरू, तुरू तुरू, मिरी चढली शेवग्याच्या शेंड्यावर. तिथे बसला होता वारा. गाल फुगवून!

"वारेदादा, वारेदादा, सूट ना!
वारा सुटेल, ढग हटेल.
ढग हटेल, ऊन येईल.
ऊन येईल, धूळ सुकेल.
धूळ सुकेल, आत्या म काढील.
आत्या म काढील, मिरी म गिरवील.
मिरी म गिरवील, साखर खाईल!"

"मी नाही जा!" वारा म्हणाला. "सगळ्यांना अक्षरं शिकवता. मी आलो, की म्हणता, दार लावा गं, धूळ उडेल! मला एक अक्षर शिकव, मग सुटेन."

"मी शिकवू? मी तर एवढीशी! आणि कालच तर शिकले."

"कालचं म्हणजे एकदम ताजं!"

मिरीने डोळे मिटले. शारदामातेला हात जोडले. आणि पानावर चालू लागली.

"खाली ये. वळण घे. थांब. शेजारी काना. वरून रेघ. हा झाला ग!"

वाऱ्याने आभाळात गिरवला. भर्रकन!

"काना वाकडा गेला, वारेदादा. घाई नको. पुन्हा."

वाऱ्याने पुन्हा गिरवला. हळू हळू. छान सरळ!

"आला! मला ग आला!" वारा गिरकी घेत सुटला. सूंऽऽ सूंऽऽ!

वारा सुटला, ढग हटला. घर्र घर्र!
ढग हटला, ऊन आलं. लख्ख लख्ख!
ऊन आलं, धूळ सुकली. भुरू भुरू!
धूळ सुकली, आत्याने म काढला. सर्र सर्र!

मिरी आली धावत. खाली आली. गाठ घातली. आडवी गेली. काना ओढला. वरून रेघ. तुरू तुरू, तुरू तुरू. झाला म!

मिरीचा म! मुंगीचा म!

मिरीने सगळी गंमत सांगितली. वेणूआत्याने कमरेवर हात ठेवले. "अगंबाई! एवढीशी पोर, वाऱ्याला शिकवून आली! बघा गं सगळ्या, ही आमची मिरी!"

मिरीची मान ताठ झाली. मग तिने साखरेचा दाणा उचलला. कुर्रुम कुर्रुम!

मिरीचा नेम तडीस गेला. बाळा, तुझाही जाईल. आण तुझं इवलं बोट. ठेव धुळीत. रोज एक अक्षर गिरव. आणि आलं, की कुणाला तरी शिकव. शिकवशील ना?