बुद्धांच्या पायाशी बसलेली बाई

एका डोंगरात फार जुनी लेणी होती आणि त्या डोंगराच्या पायथ्याशी एक पाथरवट राहत होता. लेण्यातल्या मोठ्या दालनात, भिंतीतच कोरलेले बुद्ध शांत बसले होते. पाथरवट मऊ दगडात त्यांची ओंजळीत मावेल एवढी मूर्ती घडवायचा. हात इतका बसलेला, की दगड लोण्यासारखा वळायचा. ज्यांना डोंगर झेपत नसे ते त्याच्याकडूनच बुद्ध घरी नेत. हळूहळू ज्यांना झेपत असे तेही नेऊ लागले, आणि लेण्याकडची वाट गवताने भरून गेली.

तरुणपणी पाथरवट दगड पाठीवर टाकून वर जायचा आणि बुद्धांसमोर बसून काम करायचा. पुढे नाव झालं, मागणी वाढली, पोटही थोडं वाढलं. मग त्याने सोपी युक्ती काढली. गेल्या वर्षीची मूर्ती समोर ठेवायची आणि तिच्यावरून यंदाच्या करायच्या. बायको म्हणायची, "अहो, एकदा वर जाऊन या की."

"बुद्ध काही उठून गेले नाहीत," तो म्हणायचा. आणि ते खरंच होतं.

त्याची सासू त्यांच्याकडेच राहायची. तिला तो मामी म्हणायचा. म्हातारी बोलायला फटकळ, पण मनाने मऊ. पूर्वी ती दर पौर्णिमेला लेण्यात जायची. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा जाणं थांबलं.

एक दिवस ती म्हणाली, "जावईबापू, सगळ्या मुलखाला बुद्ध देता. मला पण एक द्या. इथूनच हात जोडीन."

पाथरवट खूश झाला. सासूने काही मागावं आणि ते नेमकं आपल्याजवळ असावं, असा योग काही रोज येत नाही. त्याने फळीवरची सर्वांत सुबक मूर्ती तिच्या हातात दिली. म्हातारीने ती उजेडात धरली, फिरवून पाहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ती बाई कुठं गेली?"

"कोण बाई?"

"बुद्धांच्या पायाशी हात जोडून बसलीय ती. तिचं लेकरू पाठीमागून डोकावतंय बघा. वर गेले की मी तिच्याशेजारीच बसायची. सुखदुःख सगळं तिलाच सांगायची."

"मामी, तिथं कुठलीच बाई नाही. जन्म गेला माझा हे बुद्ध घडवण्यात." असं म्हणून त्याने फळीवरच्या सगळ्या मूर्ती तिच्यापुढे मांडल्या. एकीतही बाई नव्हती.

म्हातारीने सगळ्या मूर्तींवरून एकदा नजर फिरवली. "मग नसेल," ती हळूच म्हणाली. सासू अशी चटकन गप्प झालेली पाहून पाथरवटाला मोठी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पण त्या दिवसापासून म्हातारीचा स्वतःवरचा विश्वासच उडाला. गोष्ट सांगता सांगता ती मध्येच थांबायची. आमटीत मीठ घातलं की नाही, ते तीनतीनदा विचारायची. एका दुपारी तिने लेकीला विचारलं, "तुझा बाप सावळाच होता ना गं? का तेही माझ्या मनाचंच?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. ओसरीवर पाथरवट छिन्नीला धार लावत होता, त्यानेही ते ऐकलं. त्याने छिन्नी बाजूला ठेवली.

बायको बाहेर आली. "आईची बाई खरी की खोटी, मला ठाऊक नाही. मी लहानपणी गेलेले, मला नुसते बुद्धच आठवतात. पण तुम्ही वर कधी गेला होता शेवटचं?"

त्याला आठवेना. तो उठला आणि गवतातून वाट काढत डोंगर चढू लागला.

दम खात तो दालनात शिरला. बुद्ध होते तसेच बसले होते. आणि त्यांच्या पायाशी, सावलीत, ती बाई होती. हात जोडलेले, मान वर केलेली. पाठीमागून लेकरू डोकावत होतं. शेजारी बसून गेलेल्या बायकांचे हात लागून लागून तिचा खांदा गुळगुळीत झाला होता.

पाथरवट तिच्यासमोर खाली बसला. आता त्याला सगळं आठवलं. तरुणपणी तो हिलाही कोरायचा, अगदी बांगड्यांसकट. मग एका वर्षी घाईत बांगड्या राहिल्या. पुढच्या वर्षी लेकरू आईतच मिसळून गेलं. त्यानंतर बाईचा नुसता उंचवटा उरला, आणि तो उंचवटा म्हणजे दगडाचा दोष समजून त्याने एके दिवशी तासून टाकला. शिवाय त्याच मूर्ती साक्षीला उभ्या करून त्याने म्हातारीला खोटं पाडलं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं.

पायथ्याशी दरवर्षी भरणारी यात्रा तोंडावर आली होती. फळीवरचा माल गुपचूप विकला असता, तर कोणाला कळणार होतं? पण त्याने दगड वर आणला आणि यात्रेपर्यंतचे सगळे दिवस त्या बाईसमोर बसून एकच मूर्ती घडवली.

यात्रेच्या दिवशी तो खाली आला तेव्हा अंगण गिऱ्हाइकांनी भरलं होतं. त्यांच्यामधून वाट काढत तो थेट सासूसमोर जाऊन बसला आणि मूर्ती तिच्या ओंजळीत ठेवली.

"मामी, बाई आहे. लेकरूही आहे. तुमचं बरोबर होतं. मीच तिला तासून टाकली होती."

सगळ्यांनी ऐकलं. काहींनी हातातल्या मूर्ती परत फळीवर ठेवल्या, आणि त्या वर्षीची यात्रा पाथरवटाला कोरडीच गेली.

म्हातारीचा अंगठा बाईवरून फिरला, मग लेकरावर थांबला. "आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझं डोकं अजून ठिकाणावर आहे." मग ती पदराने डोळे पुसत राहिली. जावयाच्या डोक्यावर हात ठेवून तिने त्याची मान खालीच राहू दिली, कारण तोही रडत होता आणि ते लोकांना दिसू नये असं तिला वाटलं.

थोड्या वेळाने तिने मूर्ती पुन्हा उजेडात धरली.

"जावईबापू, लेकराचं नाक जरा मोठं झालंय. उद्या वर जाऊन परत बघून या."

पाथरवट दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाला.

तात्पर्य: नकलेवरून नक्कल करत गेलं की खरं थोडं थोडं गळत जातं, आणि करणाऱ्यालाच ते कळत नाही. म्हणून दुसऱ्याची आठवण खोटी ठरवण्याआधी आपण एकदा डोंगर चढून यावं.