सायाळीचा रेशमी दोर

एका डोंगराळ जंगलात एक सायाळ राहत असे, आणि सहसा कोणी तिच्या वाटेला जात नसे. अंगावरचे काटे सोडा, तिची जीभच पुरेशी होती. पण मुलांनो, त्या उन्हाळ्यात अख्खे जंगल तिच्या बिळासमोर येऊन बसले, कारण सूत कातायला तिच्याखेरीज कोणालाच येत नव्हते. ओढे आटले होते. सगळ्यांना पुरेल असे पाणी उरले होते ते कड्याजवळच्या एका खोल भेगेत. वरून डोकावले की चकाकताना दिसे, पण भेगेच्या भिंती अशा गुळगुळीत की आत उतरलेला परत वर येईल ही आशाच नको. वेलींच्या तर वाळून काड्या झालेल्या. भोपळ्याचे भांडे आत सोडायला दोर हवा होता, आणि तो लवकर हवा होता. हरिणीचे पाडस नुकतेच जन्मले होते आणि तिचे दूध आटत चालले होते; तिच्यापाशी खडकातल्या एका खळग्यात साचलेले थोडेसे पाणी तेवढे होते.

कोळ्याच्या धाग्याइतके चिवट जंगलात दुसरे काही नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक. म्हणून आधी पुष्कळ कोळी धरून आणले आणि एका ढोलीत कामाला बसवले. सकाळी पाहतात तर ढोलीत एकच कोळी, आणि तोही टम्म फुगलेला. "एकमेकांना खाऊन बसले मेले!" सायाळ कडाडली. "आता ह्या एकट्याला घेऊन काय मी पूजा करू?"

मग अस्वलाने एक युक्ती काढली. त्याने त्या कोळ्याकडून धाग्याचा थेंबभर चीक मागून घेतला, मोहाच्या रसात विरजणासारखा लावला आणि मडके झाकून ठेवले. काही दिवसांत मडकेभर तसाच चीक दाटून आला. वानराने तो भोके पाडलेल्या बेलफळाच्या कवटीतून दाबला, सोऱ्यातून शेव पाडतात ना, तसा. वाऱ्यावर वाळून त्याचे वीत-वीतभर तंतू झाले. पांढरे, सरळ, चकचकीत. एकही कोळी कामाला न लावता केलेले रेशीम! सायाळीने स्वतःचा एक काटा उपटला, त्याला मातीची चकती बसवून टकळी केली आणि तंतूंचे पेळू वळून कातायला घेतले.

आता ह्या रेशमाची एक खोड होती. ओला हात लागला की ते आक्रसे आणि कुरळे होई. सायाळीला त्याची भारी चीड. "घाम पुसून या! तोंड तिकडे करून बोला! वानरा, तुझी लाळ गळतेय माझ्या पेळूवर!" असा दिवसभर तिचा पट्टा चालू असे. कुरळे झालेले तंतू ती वेचून वेचून फेकून देई. सरळ तेवढे कातून तिने दोर वळला. दोर चांगला लांबलचक झाला, उन्हात लखलखला. सायाळ कोणाला म्हणाली नाही, पण मनातून ती फुलून गेली होती.

सगळे कड्यावर जमले. अस्वलाने भांडे आत सोडले. भांडे पाण्याला टेकले, आणि टेकताक्षणी दोराचे टोक आक्रसून वर आले. भांडे पाण्यावर हातभर उंच लोंबू लागले. अस्वलाने आणखी दोर सोडला, तो आणखी आक्रसला.

वानर म्हणाले, "सायाळबाई, दोर तुमच्यावरच गेलाय. कोणी जवळ आलं की अंग चोरतो."

"तू गप बस! अस्वला, सोड आणखी!"

शेवटी भांडे एकदाचे भरले. अस्वल सवयीने तळव्यांवर थुंकले आणि त्याने दोर ओढला. भांडे अर्ध्यावर आले असेल नसेल, केसांतून कंगवा निघावा तसा दोर मधोमध अलगद सुटला, आणि भरलेले भांडे धप्पकन खाली गेले.

मग काय, जो तो दुसऱ्याच्या अंगावर धावला. अस्वल म्हणे कातणे कच्चे, वानर म्हणे चीक पातळ. सायाळीने तर दोघांचे आईबाप काढले. हरिणी मात्र भेगेत पाहत उभी राहिली, आणि ते पाहून सायाळीचेच तोंड मिटले. तिने अस्वलाच्या हातातला तुकडा हिसकावून घेतला. सुटलेल्या टोकाचे तंतू जसेच्या तसे सरळ होते, एकही तुटला नव्हता. एकाचा दुसऱ्याला धर नव्हता, म्हणून नुसते एकमेकांवरून घसरले होते. पण अस्वलाची थुंकी लागली होती तिथे? तिथे तंतू कुरळे होऊन एकमेकांत असे अडकले होते की सायाळीने दात लावले तरी सुटेनात.

बराच वेळ ती तो तुकडा चावत बसली. मग उठली आणि हरिणीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुझ्या खडकातल्या खळग्यात थोडं पाणी आहे ना? ते मला दे."

"प्यायला?"

"नाही. रेशीम भिजवायला."

सगळे एकदम ओरडले. "प्यायला थेंब नाही, आणि ह्यांना रेशमाला पाजायचंय!" वानर म्हणाले, "कालपर्यंत ओल्या हाताला मारायला धावत होत्या, आज सगळंच बुडवतायत. उन्हानं डोकं फिरलं हिचं!"

हरिणी हळूच म्हणाली, "सायाळबाई, एवढं गेलं तर माझ्या पाडसाला उद्या काही नाही."

"आणि ठेवलंस तर परवा काही नाही," सायाळ म्हणाली. "मी गोड बोलणारी नाही, बाई. दोर टिकेलच असं छातीवर हात ठेवून सांगत नाही. जिथं भिजला तिथं टिकला, एवढं माझ्या दातांना कळलंय. आधी पाडसाला पोटभर पाज. उरेल तेवढं मला दे."

हरिणीने पाडसाला पाजले. स्वतः जीभही न लावता ती बाजूला झाली आणि तिने मान फिरवली.

सायाळीने दोराचा हातातला तुकडा उकलला आणि राहिलेल्या तंतूंसकट सगळे रेशीम त्या खळग्यात दाबले. बघता बघता ते आक्रसले. सरळपणा गेला, चमक गेली, मेंढीच्या लोकरीसारखा गुंता वर आला.

"अर्धं झालं!" वानर कपाळ बडवत म्हणाले. "अहो, अर्धं झालं!"

"पहिलं लांबलचक होतं ना? जा, भेगेत जाऊन गळ्यात घाल!" सायाळ म्हणाली. तिने रेशीम उन्हात वाळवले, पिंजले आणि पुन्हा टकळी फिरवली. ह्या खेपेला तंतू एकमेकांना धरून आले. पीळ बसला तो बसलाच. दोर फांदीवरून टाकून अस्वलाने एका टोकाला आणि वानराने दुसऱ्या टोकाला लोंबकळून पाहिले, तो सुटला नाही.

मात्र तो आखूड पडला. नवे भांडे बांधून सोडले, ते पाण्यापासून थोडक्यात वर राहिले. अस्वल कड्यावर पालथे पडले आणि त्याने भेगेत हात लांबवला. अस्वल घसरू नये म्हणून सायाळ त्याच्या पायांवर जाऊन बसली.

"आई गं! काटे!"

"बोंबल, पण सोडू नकोस!"

भांडे पाण्यात बुडाले. दोर भिजला. दोर बोटभरही आक्रसला नाही, कारण आक्रसायचा तो आधीच आक्रसून झाला होता. अस्वलाने ओढले, आणि काठोकाठ भरलेले भांडे वर आले.

"आधी हरिणीला," सायाळ म्हणाली. हरिणी प्याली. ती पीत असताना पाडस तिच्या पोटाखाली ढुशा देत होते. दुसरे भांडे वर आले तसे वानर पुढे झाले. सायाळीने काटे फुलवले.

"मागे हो! हे खळग्यात ओता. वानरा, तू नवे तंतू पाड, ते ह्यात भिजतील. दोर लांब नको का करायला? अस्वलाच्या पायांवर मी रोज बसू?"

"आणि आम्ही?"

"तिसरं भांडं तुमचं. ओरडू नका, रांगेत या."

तात्पर्य : ज्या वस्तूला पाण्यात काम करायचे आहे, तिला आधीच पाणी दाखवावे; आक्रसायचे तेवढे आक्रसू द्यावे आणि मगच तिचे माप घ्यावे. जपून कोरडे ठेवलेले नुसते लांब दिसते, ऐन वेळी धरून मात्र ठेवत नाही.