एकवीस घरांची मडकी

फार फार जुनी गोष्ट, बाळांनो. आणि मागे भिंतीला टेकून बसलेल्या थोरांनो, तुम्हीही ऐका. तेव्हा गाढवं बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकायची.

एका गावात भिवा नावाचा कुंभार होता, सगुणा त्याची बायको होती, आणि त्यांचं एक गाढव होतं. गाढवाचं नाव दिवाणजी, कारण काम थोडं आणि सल्ला फार. गाव एकवीस घरांचं. गावाला एक तळं होतं. त्याच्या पोटातली माती लोण्यासारखी मऊ, आणि तिच्या मडक्यातलं पाणी असं गार, की चैत्रातसुद्धा दात शिवशिवावेत.

पण गावाला एक खोड लागली. केर काढला की टोपली तळ्यावर. खरकटं, चिंध्या, झिजलेल्या केरसुण्या, सगळं तळ्यात. कोणी हटकलं तर म्हणायचे, "एवढ्या मोठ्या तळ्याला माझी एक टोपली काय जड झाली?" एकवीसही घरं हेच म्हणायची.

होता होता तळं भरत आलं आणि पाणी आटत गेलं. उरलं ते हिरवं. बायका अर्धा कोस चालून ओढ्यावरून पाणी आणू लागल्या, पण तळ्यावरची टोपली काही चुकली नाही. दिवाणजीही ओढ्यावर जाऊ लागला. म्हणाला, "मी गाढव आहे खरा, पण एवढाही नाही."

आणि भिवाची मडकी गळू लागली. सगुणा माती निवडून निवडून थकायची. तरी एखादी काडी, एखादी चिंधी राहायचीच. आव्यात मडकं भाजलं की ती जळायची आणि तिच्या जागी भोक उरायचं.

अशात पाटलाच्या लेकीचं, रेवूचं, लग्न ठरलं. त्या गावची रीत अशी, की मांडवात एकवीस नवी मडकी मांडायची, घरटी एक. त्यांत पाणी भरायचं, आणि अक्षता पडेपर्यंत थेंब खाली येता कामा नये.

पाटील कुंभाराच्या दारी आला. "भिवा, महिना आहे हातात. एक जरी मडकं गळलं, तर मी दुसऱ्या गावचा कुंभार आणीन. तुझं घर, तुझा आवा त्याला देईन. तुझं तू बघ."

भिवाचा चेहरा उतरला. सगुणा म्हणाली, "अहो, रडून माती स्वच्छ होते का? चला."

दोघं तळ्यात उतरली. चार दिवस राबून त्यांनी खाटेएवढी जागा लख्ख केली. पाचव्या दिवशी बघतात तर तिथे केराचा नवा ढीग. शेजारची गोदाकाकू रिकामी टोपली झटकत म्हणाली, "बरं केलंत गं सगुणा. टाकायला जागाच उरली नव्हती."

दोघं घरी परतली, आणि सगुणा मटकन उंबऱ्यावर बसली. भिवा सामान बांधू लागला आणि गाठोडी गाढवावर चढवू लागला. दिवाणजीने चारही पाय दुमडले आणि खाली बसला.

"ऊठ रे बाबा," भिवा म्हणाला.

"कशाला? केर त्यांचा, आणि गाव सोडायचं आपण? वाहायचंच तर ज्याचं त्याला वाहू दे."

हे ऐकून सगुणा तरातरा उठली आणि थेट चावडीवर गेली. सगळ्यांसमोर म्हणाली, "पाटील, मडकी मी घडवीन. पण मडकं घरटी एक, तर मातीही घरटी एक टोपली. ज्याची त्याने तळ्यातून काढायची, ज्याची त्याने निवडायची. मी प्रत्येक मडक्यावर त्या घराची खूण करीन. मग कोणाचं गळलं ते वऱ्हाडी बघतील."

जो तो मनात म्हणाला, भर मांडवात, व्याह्यांसमोर, आपल्या घराचं मडकं गळायचं? दुसऱ्या सकाळी गोदाकाकू पदर खोचून तळ्यात. तिच्यामागे सोनार, तेली, न्हावी, सगळेच. माती खाली, केर वर. आधी केर उपसावा लागला. तो गाडीत भरून लांबच्या खड्ड्यात पुरला. सोनाराला त्यात आपली तीन वर्षांपूर्वी हरवलेली चिमटी सापडली. तो बायकोला म्हणाला, "आणि तू त्या बिचाऱ्या कामाच्या पोरावर चोरीचा आळ घेतलास." गोदाकाकूला आपली केरसुणी सापडली. तिने हळूच पाठीमागे लपवली, पण दिवाणजीने पाहिलीच.

तेवढ्यात तेल्याची सून सवयीने केराची टोपली घेऊन आली. गोदाकाकू कडाडली, "थांब गं! तिथून माझी माती काढायचीय!"

दिवाणजी गालात हसला. "आज तळ्याला मालक मिळाला," म्हणाला.

बाराव्या दिवशी गाळाखालचा बुजलेला झरा फुटला. आधी करंगळीएवढा, मग मनगटाएवढा. पोरं त्यात नाचली, म्हाताऱ्यांनी ओंजळी भरल्या, आणि दिवाणजीने तोंड घातलं ते पोट फुगेपर्यंत काढलं नाही.

एकटा पाटील तेवढा तळ्यात उतरला नाही. "मी गाळात पाय घालू?" म्हणून त्याने गड्याला पाठवलं. गड्याने डोळे मिटून टोपली भरली आणि न निवडता तशीच आणून दिली. सगुणा म्हणाली, "पाटील, ही निवडलेली नाही." पाटील म्हणाला, "तू घडव मुकाट्याने." तिने घडवलं.

लग्नाचा दिवस आला. मांडवात एकवीस मडकी झऱ्याच्या पाण्याने भरली. वीस मडकी ठणठणीत. एकविसाव्याच्या पोटातून बारीक धार सुटली, ती नेमकी पाटलाच्या नव्या जोड्यात. सगळ्यांनी खूण पाहिली. खूण पाटलाच्या घराची.

रेवू पाटावरून उठली, भोकावर बोट दाबलं आणि म्हणाली, "बाबा, अक्षता पडेपर्यंत मी धरते. उद्या टोपली मात्र तुम्ही धरायची." आधी नवरदेव हसला, मग व्याही, मग सगळा मांडव. शेवटी पाटीलही हसला, आणि ओला जोडा हातात घेऊन सगुणापुढे आला. "बाई, तुमचं बरोबर होतं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाटील धोतर खोचून तळ्यात उतरला. तळ्याकाठची जागा त्याने कुंभाराच्या घराला कायमची दिली. व्याह्यांनी आपल्या गावासाठी शंभर मडकी सांगितली, मग आसपासच्या गावांनी. भिवाचा आवा कधी थंड झाला नाही, सगुणाच्या घरात धान्याची कणगी कधी रिकामी झाली नाही, आणि दिवाणजीला रोज गुळाचा खडा मिळू लागला. सल्ला तो तरीही देतच राहिला.

म्हणून सांगते बाळांनो, जे सगळ्यांचं असतं त्याची निगा आपली म्हणून राखावी, नाहीतर त्यात टाकलेला केर एक दिवस आपल्याच मडक्यातून बाहेर येतो.